पोचल्याचा फोन

टोकियोजवळ ग्योतोकु नावाच्या गावातल्या घरात आम्ही राहायला आलो आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की वरच्या मजल्यावर रोज दुपारी साडेतीनला काहीतरी पडतं. आधी धप्प. मग चार-पाच मिनिटं खरखर, काहीतरी जड ओढत नेल्यासारखी. शेवटी एक बारीकसा खट्. की संपलं. मी घरून काम करायची तेव्हा नेमकी त्याच वेळी माझी पुण्याच्या टीमबरोबर मीटिंग असायची, आणि कुणीतरी हमखास विचारायचं, "अगं, तुझ्याकडे काय पडलं?"

पुण्यात असते तर तिसऱ्या दिवशी वर जाऊन बेल वाजवली असती आणि दोन शब्द सुनावून आले असते. पण जपानमध्ये सहा वर्षं काढली की माणूस सुधारतो, म्हणजे बिघडतो. इथे कुणी कुणाच्या दारात जात नाही. ऑफिसला कळवायचं. मी बिल्डिंगच्या ऑफिसला फोन केला, आणि दोन दिवसांनी लिफ्टमध्ये एक कागद लागला : 'रहिवाशांनी आवाजाबाबत कृपया काळजी घ्यावी.' नाव नाही, गाव नाही, बाजूला कमरेत वाकलेल्या बाईचं चित्र.

त्याच संध्याकाळी आमची बेल वाजली. दारात चाकांच्या खुर्चीत एक गृहस्थ. साठीला टेकलेले, दाढी गुळगुळीत, शर्टाच्या खिशाला सहा इंची स्टीलची फूटपट्टी, मांडीवर चिवड्याचा डबा.

"चाकांच्या खुर्चीवाले ग्राहक, एक नग, हजर आहेत," ते मराठीत म्हणाले. "तक्रार तुमचीच ना?"

मी शरमेने अर्धी झाले. हे मराठी, हे काय माहीत. त्यांना मात्र आमच्या फोडणीच्या वासावरून पहिल्याच दिवशी कळलं होतं. आवाज कसला, ते त्यांनी सांगितलं नाही. "व्यायाम करतो," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून धप्प जरा मऊ झालं. खाली गादी घातली असावी.

मी त्यांना काका म्हणायला लागले ते असं. ते मला पहिल्या दिवसापासून अगं-तूगं करायचे, आणि माझ्या नवऱ्याला जावईबापू म्हणायचे.

ते 'एक नग' प्रकरण मला नंतर कळलं. इथल्या स्टेशनांवर चाकांच्या खुर्चीतला माणूस आला, की स्टेशनचा माणूस घडीची फळी घेऊन येतो, प्लॅटफॉर्म आणि डबा यांच्यात ती टाकतो, आत चढवतो, वाकून नमस्कार करतो. आणि मग पुढच्या स्टेशनला फोन लावतो : 'कुरुमाइसु नो ओक्याकुसामा, इचिमेइ.' म्हणजे चाकांच्या खुर्चीवाले ग्राहक, एक. अमुक गाडी, अमुक डबा, अमुक दार. तिकडे उतरायच्या आधी दुसरा माणूस फळी घेऊन तयार. आपण बघणारे म्हणतो, वा, काय व्यवस्था आहे. काका म्हणायचे, "व्यवस्था उत्तमच आहे गं. नावं ठेवायला जागा नाही. पण एकवीस वर्षांत मी एकदाही असा गेलेलो नाही, की मी कुठे आहे हे सरकारदरबारी कुणाला माहीत नव्हतं. वाटेत मनात आलं, मधल्या स्टेशनवर उतरावं, चहा प्यावा, तर उतरता येत नाही. पुढे वर्दी गेलेली असते. मी माणूस आहे की पार्सल?"

एकवीस वर्षांपूर्वी त्यांच्या मणक्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, कमरेखालचं गेलं. बायको वर्षभराने पुण्याला गेली ती परत आली नाही. भांडण वगैरे झालं नव्हतं. काका म्हणायचे, "तिने दोन वर्षांची काळजी एका वर्षात करून टाकली. मग संपली तिच्याकडची."

टोकियोत एका कंपनीत ते दुपारपर्यंत जाऊन सॉफ्टवेअरच्या चाचण्या घ्यायचे. दुसऱ्याने केलेलं पाडून दाखवायचं, हा धंदा. आमच्या घरी जेवायला आले की मी वरण-भातावर तूप वाढायची आणि ते माझ्या कामातल्या चुका काढायचे. "चाललं म्हणजे झालं नाही. पडलं पाहिजे, आणि पडून आपलं आपण उठलं पाहिजे. तेव्हा पास." हे मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल. ते कशाबद्दल बोलत होते, हे एकदाही विचारलं नाही.

विक्षिप्तपणाची यादी द्यायची तर बसून सांगावी लागेल. खिशात कायम एक काचेची गोटी. नव्या ठिकाणी गेले की जमिनीवर गोटी ठेवायची आणि ती कुठे पळते ते बघायचं. कुठल्या बाजूला उतार आहे ते कळतं. आमच्या हॉलमध्ये ती सोफ्याखाली गेली, तेव्हा म्हणाले, "घर पूर्वेला कललंय, बिल्डरला सांगू नकोस, तो वाकून वाकून माफी मागेल." वाण्याच्या यादीतसुद्धा प्रत्येक ओळीखाली फूटपट्टीने रेघ. कचऱ्याच्या दिवशी सकाळी सात चाळीसला खुर्चीच्या हँडलला पिशवी अडकवून स्वतः खाली उतरायचे; नवऱ्याने एकदा पिशवी हातातून घेतली, तर महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. चौथा मजला का घेतला, तळमजला का नाही, विचारलं तर म्हणाले, "तळमजल्यावर येता-जाता सगळे डोकावतात. सगळ्यांना माझी फार काळजी." आणि काळजीबद्दल त्यांचं ठरलेलं वाक्य होतं : "काळजी करणाऱ्याला झोप लागत नाही, म्हणून तो दुसऱ्याला उठवतो."

हे ते माझ्याकडे बघून म्हणायचे. कारण मी तशीच आहे. आमच्या घरात माणूस दूध आणायला गेला तरी 'पोचलास की फोन कर' म्हणतात. माझी आई अजून माझ्या नवऱ्याला टोकियोच्या ऑफिसात पोचल्याचा मेसेज टाकायला लावते, आणि तो टाकतो. पोचल्याचा फोन आला नाही, की मला माणूस रस्त्यात पडलेलाच दिसतो. स्वभावाला औषध नाही.

जपानच्या उत्तर टोकाला होक्काइदो बेट आहे, त्याच्या पूर्वेकडच्या एका जंगलात छोटंसं कॅम्पिंगचं ठिकाण आहे. गावाच्या मालकीचं. तिथल्या म्हाताऱ्या केअरटेकरशी काकांचा सहा वर्षं पत्रव्यवहार चालला होता. पहिल्या पत्रात काकांनी विचारलं, चाकांची खुर्ची आत येऊ शकते का. उत्तर आलं, माफ करा, येऊ शकत नाही. दुसऱ्या पत्रात काकांनी आकृती पाठवली : लाकडी फळ्यांची वाट, इतकी रुंद, बारा फुटांत एक फूट चढ, कडेला चार बोटं उंच पट्टी. म्हाताऱ्याने उत्तर दिलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात नुसता एक फोटो आला, वाटेच्या पहिल्या वीस फुटांचा. मग दर उन्हाळ्यात थोडी थोडी वाट पुढे सरकली. शेवटच्या वर्षी झाडांच्या मध्ये, ऑफिसपासून अर्ध्या किलोमीटरवर, तंबू लावता येईल असा लाकडी ओटा झाला. जवळ संडास, तोही खुर्ची फिरेल एवढा. अस्वलांचा प्रदेश, म्हणून खाणं ठेवायला लोखंडी पेटी, आणि तिचा कडीकोयंडा बसलेल्या माणसाच्या हाताला येईल असा. एका म्हाताऱ्याने दुसऱ्या, न पाहिलेल्या म्हाताऱ्यासाठी हे केलं. फोटो काकांनी फ्रिजवर लावले होते, आणि आता जायचं ठरवलं होतं.

"आम्हीपण येतो," मी म्हणाले. काकांना गाडीची गरज होतीच.

"या. पण अटीवर." त्यांनी फूटपट्टीने टेबलावर टकटक केलं. "मी तिथे दुपारी बाराला आत जाणार आणि दुसऱ्या दिवशी बाराला बाहेर येणार. एकटा. माझा फोन तुमच्याकडे, बंद. तुम्ही गावातल्या हॉटेलात राहायचं. मध्ये फोन नाही, चौकशी नाही, डोकावणं नाही. चोवीस तास मी कुठे आहे, कसा आहे, हे कुणालाही माहीत असणार नाही. मला एवढंच पाहिजे. दुसरं काही नको."

"आणि अस्वल आलं तर?"

"अस्वल ऑफिसला फोन करणार नाही."

नवरा हसला. मी नाही हसले. "आईशपथ, नाही डोकावणार," मी म्हणाले.

"आईला कशाला मध्ये आणतेस. शब्द दे."

मी शब्द दिला.

सप्टेंबरच्या शेवटी गेलो. केअरटेकर म्हाताऱ्याने टोपी काढून काकांना नमस्कार केला, काकांनी त्याला; सहा वर्षांनी भेटून दोघं मिळून चार वाक्यं बोलले नसतील. काकांनी वाटेवर गोटी ठेवली. ती जागची हलली नाही. म्हाताऱ्याचं तोंड असं फुललं, की मला भरून आलं. मग काका निघाले. खुर्चीच्या मागे तंबूची पिशवी, दोराचं भेंडोळं, एक आखूड फळी. ती फळी कशाला, मी विचारणार होते, पण चौकशी नाही असं ठरलं होतं. वळणाआड गेले, आणि चाकांचा फळ्यांवरचा आवाज येईनासा झाला.

ती रात्र मी कशी काढली ते सांगत बसत नाही. सकाळी सहाला हॉटेलची खिडकी उघडली तर गाड्यांच्या टपांवर पांढरं दव गोठलेलं. नवरा म्हणाला, "त्यांच्याकडे चांगली स्लीपिंग बॅग आहे. झोप." मी कसाबसा तासभर दम धरला. सात वाजता मी कॅम्पच्या ऑफिसला फोन केला.

मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. म्हणाले, आपलं सहज विचारते. चाकांच्या खुर्चीतले आमचे काका आहेत, फोन त्यांच्याकडे नाही, थंडी फार पडली आहे. त्यांना कळू न देता लांबून एक नजर टाकता येईल का.

पुण्यात असा फोन केला, तर समोरचा म्हणतो, "काय नाय होत वहिनी, बघतो," आणि एक चक्कर मारून येतो. जपानी ऑफिसात 'सहज' असं काही नसतं. एकदा कळवलं की ते कळवलं. ते लिहून घेतलं जातं, आणि लिहून घेतलं की पुढे वर्दी जाते. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. लिफ्टमधला तो कागद मीच लावायला लावला होता.

आम्ही पोचलो तेव्हा फळ्यांच्या वाटेवर अग्निशमन दलाची चार माणसं स्ट्रेचर घेऊन आत धावत होती, मागून गावच्या ऑफिसचा एक साहेब. आम्हीही मागे गेलो. ओट्यावर तंबू, शेजारी खुर्ची, रिकामी. आणि ओट्याच्या खाली, हातभर अंतरावर, शेवाळावर काका पालथे पडलेले. अंगावर स्लीपिंग बॅग ओढलेली, गाल जमिनीला टेकलेला. डोळे उघडे होते. चांगल्या स्वच्छ जपानीत ते सांगत होते, "मी पडलेलो नाही. मी उतरलो आहे."

"हो हो, काळजी करू नका," असं म्हणत त्या माणसांनी त्यांना उताणं केलं.

तेव्हा मला दोर दिसला. एका झाडाला बांधून ओट्यावरून खाली सोडलेला, ठरावीक अंतरावर गाठी मारलेला. आणि ती आखूड फळी, ओट्याला तिरकी लावलेली. धप्प, खरखर, खट्. पलंगापासून खाली, खालून परत खुर्चीत, खुर्चीचा ब्रेक. दीड वर्षं हा माणूस रोज माझ्या डोक्यावर पडून उठायचा सराव करत होता, कारण त्याला एकवीस वर्षांत जमिनीवर निजता आलं नव्हतं. आणि मी त्याची तक्रार केली होती.

काकांना पट्ट्यांनी बांधत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "किती वाजले?"

"आठ."

"म्हणजे चार तास राहिले होते," ते म्हणाले. मग शांतपणे : "मला वर चढता आलं असतं की नसतं, ते आता राहूनच गेलं."

केअरटेकर टोपी छातीशी धरून उभा होता. गावचा साहेब त्याला हळू आवाजात काहीतरी विचारत होता आणि तो प्रत्येक वेळी वाकत होता. रिकामी खुर्ची नवऱ्याने ढकलत बाहेर आणली. मी मागून चालत होते. इतकी लाज मला जन्मात वाटली नाही.

हॉस्पिटलात दोन दिवस ठेवून घेतलं. काहीही झालेलं नव्हतं. महिन्याभराने काकांना म्हाताऱ्याचं पत्र आलं, सोबत गावाचा नवा नियम : चाकांच्या खुर्चीतल्या पाहुण्यांनी सोबत मदतनीस आणणं आवश्यक, अर्जावर मदतनिसाचं नाव, नातं, फोन नंबर. पत्रात म्हाताऱ्याने फक्त माफी मागितली होती. काकांनी ते मला वाचून दाखवलं आणि फ्रिजवर, फोटोंच्या शेजारी लावलं. रागाचा एक शब्द नाही. बोलले असते, शिव्या दिल्या असत्या, तर मी पाय धरून मोकळी झाले असते.

त्याऐवजी त्यांनी मला मेसेज करायला सुरुवात केली. 'निघालो.' 'लिफ्टमध्ये पोचलो.' 'दुकानात पोचलो.' 'दूध घेतलं.' 'घरी पोचलो.' दिवसातून तीस-तीस. ऑफिसला जाताना प्रत्येक स्टेशनचं नाव. मला आधी वाटलं, चेष्टा करतायत. आठवड्याने समजलं, ही चेष्टा नाही. साडेतीनचं धप्पही बंद झालं होतं. नवरा म्हणाला, "तू उत्तर देऊ नकोस." मी प्रत्येकाला उत्तर दिलं, अंगठा, अंगठा, अंगठा. तीन महिने हा जाच चालला आणि मला बोलायला तोंड नव्हतं.

फेब्रुवारीत एक दिवस 'बाथरूममध्ये पोचलो' असा मेसेज आला. मी तशीच वर गेले, बेल वाजवली आणि दारातच रडायला लागले. "काका, पुरे. चुकलं माझं. हजारदा चुकलं."

त्यांनी हातातला फोन मांडीवर ठेवला. "मग आता विचारणार नाहीस? कुठे आहे, कसा आहे?"

"नाही."

"काहीही वाटलं तरी?"

"काहीही वाटलं तरी."

"शब्द?"

"शब्द."

"बस. चहा टाकतो," ते म्हणाले. त्या दिवसापासून मेसेज थांबले. आणि मार्चमध्ये एका दुपारी साडेतीनला वरून आवाज आला. धप्प, खरखर, खट्. मी मीटिंगमध्ये होते. कुणीतरी विचारलं काय पडलं, आणि मी म्हणाले, "आमचे काका. उठतील." मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी पुरणपोळी करून वर पाठवली. डबा धुऊन परत आला, झाकणाच्या आत चिठ्ठी : 'पूर्णपणे गोल नाहीत.'

मे महिन्यातला तो दिवस साधाच होता. साडेतीनला धप्प झालं. मी कॉलवर होते. खरखर ऐकू आली, थोडी. मग थांबली. मी मनात म्हटलं, दम खातायत. खट् आलं नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी कॉल सोडला आणि वर गेले. त्यांच्या दारासमोर उभी राहिले. बेलच्या बटणावर बोट ठेवलं, दाबलं नाही. आत काही आवाज नव्हता. मी स्वतःला सांगितलं, तू अशीच आहेस. तुला माणूस नेहमी पडलेलाच दिसतो. एकदा त्यांचे चार तास तू खाल्लेस, आता शब्द दिलायस. मी खाली आले. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला, "बरं केलंस."

दुसऱ्या दिवशी कचऱ्याचा वार होता. सात चाळीस झाले. मी गॅलरीत उभी होते. आठ झाले, साडेआठला कचऱ्याची गाडी येऊन गेली. मग मी ऑफिसला फोन केला.

पोलिसांनी दार उघडलं. काका पलंगाच्या कडेला, खाली जमिनीवर घातलेल्या गादीवर होते. गाठींचा दोर पलंगाला बांधलेला, त्याचे दोन वेढे उजव्या हाताला, हात तिसऱ्या गाठीपर्यंत पोचलेला. पुढे दोनच गाठी होत्या. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, लगेच आला असतात तरी उपयोग झाला नसता. मी विचारलं, किती वेळ पडून होते, तर म्हणाले, नक्की सांगता येत नाही. इथले डॉक्टर फार सभ्य असतात. मी पुढे विचारलं नाही. आज इतके दिवस मी ते विचारायचं टाळते आहे.

सामान आवरताना टेबलावर होक्काइदोच्या त्या कॅम्पचा अर्ज मिळाला, सप्टेंबरसाठी भरलेला, पाकिटात घालून तयार. मदतनिसाच्या रकान्यात माझं नाव होतं. नात्याच्या रकान्यात 'शेजारी'. फोन नंबरच्या रकान्यात काही लिहिलेलं नव्हतं. तिथे एक आडवी रेघ होती, फूटपट्टीने मारलेली.